आठ खिशांची पिशवी

माझ्या नवऱ्याला धक्क्यावर सगळे बाळा तांडेल म्हणतात. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. मासे कुठे लागतील हे दुसरे तांडेलही सांगतात, पण ह्यांचं नाव झालं ते बोटीत काय घ्यायचं नाही हे सांगण्यासाठी. बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ, जाळी आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड. बाकी सगळं परत.

एकदा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक नवा खलाशी चाकांची बॅग ओढत धक्क्यावर आला. हे बोटीत उभे होते.

"काय रे, लग्नाक चललंस काय?"

"नाय तांडेलानू, वाइच गरम कपडे घेतलंय. थंडी वाजता रातची."

"थंडी वाजली तर जाळां ओढ. घाम येतलो."

सगळे हसले. ती बॅग बर्फाच्या कारखान्याच्या पडवीत राहिली, आणि तो मुलगा पुढे सहा-सात हंगाम ह्यांच्याच बोटीवर होता.

घरातही तेच. मी वेंगुर्ल्याची, बी.ए. झालेली, आणि माझी सवय प्रत्येक वस्तू जपून ठेवायची. श्रीखंडाचे रिकामे डबे, दोऱ्या, मुलांच्या जुन्या दप्तरांचे पट्टे. हे महिन्यातून एकदा समुद्रावरून आले की घर झाडायला काढायचे. "तुमची आवस बाजारातसून पिशवी आणता, आणि ती ठेवूक आणखी एक पिशवी आणता," असं मुलांना सांगायचे. मुलं खिदळायची. रिया बापाच्या बाजूची, सर्वेश माझ्या. सर्वेशला काही टाकवत नसे.

तो डिप्लोमा करून कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत लागला. विजेचं काम. रोज मोटरसायकलने जायचा-यायचा, आणि तो दारात गाडी लावेपर्यंत माझा जीव रस्त्यावरच असायचा. कामावरच्या एका मित्राकडून त्याने गेमचं जुनं मशीन विकत घेतलं आणि आपल्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं. मला वाटलं होतं गाड्यांच्या शर्यती वगैरे खेळेल. पण त्याने आणला भुतांचा गेम. डोंगरावरचं एक बंद पडलेलं इस्पितळ, सगळीकडे धुकं, आणि एक माणूस हातात टॉर्च घेऊन त्यातून बाहेर पडायची वाट शोधतोय. खोल्याखोल्यांतून काहीतरी सरपटत असतं. मला आवाजानेच धडकी भरायची. सर्वेश मात्र भुतांना भीत नव्हता. त्याची सगळी तक्रार पिशवीबद्दल.

त्या माणसाच्या पिशवीला आठ खिसे. एका खिशात एकच वस्तू. बंदूक ठेवा की किल्ली, दोघींना जागा सारखीच. आठ भरले की समोर सोन्याची खाण असली तरी उचलता येत नाही. काही खोल्यांत एक ट्रंक असते, तिच्यात सामान ठेवता येतं, पण ती नेमकी हवी तिथे नसते. आणि पिशवीतून टाकलेली वस्तू कायमची जाते.

"आई, हयसर ये! हां बघ! दरवाजो समोर, चावी समोर, आणि माझे खिसे भरलेले! ज्येणा हो गेम केल्यान ना, तेका एकदा बाबांच्या बोटीर पाठवूक होयो."

हे घरी असले तर दारातूनच म्हणायचे, "टाक मरे कायतरी."

"टाकलंय तर गेलां ना बाबा. परत गावना नाय."

"मगे घेतलंस कित्याक?"

"लागात म्हणान."

"'लागात' म्हणणाऱ्याक मी बोटीत घेनंय नाय."

"म्हणान मी बोटीर येनंय नाय!"

असं चालायचं. मी स्वयंपाकघरात ऐकत असायची. आता वाटतं, त्या वेळी घर किती भरलेलं होतं.

गेल्या वर्षी श्रावणात सर्वेश ताप घेऊन आला. त्याआधी सुट्टीच्या दिवशी त्याने नर्मदाआतेच्या शेतात दिवसभर चिखलात काम केलं होतं. पायाला एक छोटी जखम होती. लेप्टो, चिखलातून जखमेवाटे अंगात शिरणारा ताप. आमच्याकडे दर पावसाळ्यात हा शब्द ऐकू येतो, दुसऱ्याच्या घरातून. इस्पितळात न्यायला गाडी आली तेव्हा तो स्वतः चालत बाहेर आला, आणि दारात थांबून रियाला म्हणाला, "माझा मशीन कोणाक लावूक देऊ नको गो. गेम अर्धो आसा." त्यानंतर तो आमच्याशी नीटसं काही बोलला नाही. तापात जे बोलला ते आमच्याशी नव्हतं. चतुर्थी तोंडावर आली होती. आमच्या घरी गणपती आला नाही.

दहाव्याला आमच्याकडे बायका खाडीवर जात नाहीत. तिथे काय झालं ते मला जितेंद्र भावोजींनी सांगितलं. ते ह्यांचे चुलतभाऊ. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. कावळे माडावर बसून होते, पण खाली एकही उतरेना. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन सर्वेशला शब्द द्यायला सुरुवात केली. भावोजी म्हणाले, "सर्वेशा, रियाच्या लग्नाचा आमी बघतलंव." कावळा हलला नाही. दुसरे कोणी म्हणाले, आवशीक काय कमी पडूक देवचंव नाय. नाही. भावोजींनी मोटरसायकलचं म्हटलं, नोकरीवरच्या मित्रांचं म्हटलं. ऊन चढत चाललं. हे तोवर एका बाजूला उभे होते. मग पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले,

"तुझो गेम मी पुरो करतलंय रे."

कावळा उतरला.

कावळ्याला भूक लागली असेल, उन्हाने कंटाळला असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलं आहे, आणि ज्याने पाहिलं त्याला मी काय सांगणार? मुलाला दिलेला शब्द होता. तो पुरा होईपर्यंत मुलगा सुटलेला नाही, अडकून आहे, हे ह्यांच्या मनात बसलं.

सुतक फिटल्यावर हे सर्वेशच्या खोलीत गेले. मोबाईलवर हवामान बघण्यापलीकडे ह्या माणसाने कधी काही केलेलं नाही. रियाने मशीन लावलं. गेमच्या बटणांच्या त्या खेळण्याला हे रिमोट म्हणतात. रिमोट ह्यांनी सुकाणू धरावं तसा धरला. तो माणूस उजवीकडे वळवायचा तर हे स्वतः उजवीकडे झुकायचे. पहिल्याच दिवशी त्याला भिंतीत नेऊन उभा केला आणि मागून भुताने धरला. पडदा लाल.

"मेलंय," हे म्हणाले.

मग परत. "परत मेलंय."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, दुसरं काहीतरी म्हणा. तेव्हापासून हे "बुडालंय" म्हणू लागले. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या बायकोला तेही चालत नाही, पण चालवून घेतलं.

समुद्र मात्र सुटला. बोटीच्या मालकांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग दुसरा तांडेल ठेवला. ते स्वतः घरी आले होते. ह्यांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "माझा काम बाकी आसा." मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. नवरा दुपारचं जेवण झालं की भुतांच्या गेमला बसतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

माझी काळजी आता रियावर येऊन बसली. ती शिंकली तरी मी थर्मामीटर काढते. "आई, शिंक इली ती. फाशी नाय," असं ती म्हणते. पण ती स्वतः त्या खोलीत एकटी जात नव्हती, हे मला दिसत होतं. बापासाठी जायची. दारात उभी राहून सांगायची: बाबा, डावीकडे, बाबा, पळा, बाबा, तां टेबल आसा, भूत नाय.

महिने गेले, आणि ह्यांना जमायला लागलं. त्या बोटांनी आयुष्यभर जाळी विणली आहेत. सर्वेशने गेम जिथे राखून ठेवला होता तिथून चार खोल्या पुढे एक मोठा लोखंडी दरवाजा होता; सर्वेशही त्याच्याशीच अडायचा. त्याची किल्ली एका खाटेवर पडलेली. हे तिथवर पोहोचले, किल्लीवर गेले, आणि पडद्यावर आलं की जागा नाही.

पिशवी सर्वेशने भरून ठेवली होती. टॉर्च, पिस्तूल, थोड्या गोळ्या, पक्कड, एक लोखंडी दांडा, औषधाच्या दोन बाटल्या आणि एक फुटकी शिट्टी. ट्रंक मागे राहिलेली, आणि मधला दरवाजा पलीकडून बंद झालेला.

"चावी आणि बंदूक सारखीच जागा खातत?" हे म्हणाले. "खंयच्या येड्यान केल्यान ह्यां?" हीच तक्रार ह्या खोलीत आधी कोण करायचं, ते आम्हा तिघांनाही आठवलं.

रियाने मोबाईलवर शोधून काढलं. "बाबा, ती शिटी कामाची नाय. फुडे खंयच लागना नाय. नेटवर सगळे सांगतत, टाकून देवा."

"नेटवरचे लोक सर्वेशाक वळखतत?"

"तेचा काय संबंध?"

"तेणा उचलल्यान म्हणजे कायतरी ईचार केल्यान आसतलो."

"दादा सगळांच उचलायचो! ईचार बिचार काय नाय!"

हे ऐकेनात. ज्या माणसाने खलाशांच्या बॅगा धक्क्यावर फेकल्या, त्याच्याने एक फुटकी शिट्टी टाकवेना, तीही पडद्यावरची. त्यांनी किल्लीशिवाय दुसरी वाट शोधायला सुरुवात केली. पुन्हा पुन्हा त्याच चार खोल्या. पौष गेला, शिमगा गेला. आंबे आले आणि संपले. रियाच्या परीक्षा झाल्या. हे अजून त्याच खाटेभोवती फिरत होते. टॉर्च पुढे धरून तो माणूस त्या किल्लीपाशी जायचा, उभा राहायचा आणि परत फिरायचा.

शेवटी एके दिवशी रियाचा धीर सुटला. "बाबा, ह्यो कचरो आसा! टाका नायतर सोडा!"

ह्यांनी रिमोट खाटेवर ठेवला आणि घराबाहेर गेले. रिया माझ्याजवळ येऊन चुलीपाशी बसली. तिला रडताना मी सर्वेश गेल्यापासून पाहिलं नव्हतं. बहुतेक ती कॉलेजच्या एसटीत रडून घेत असावी.

"ती पिशवी म्हणजे दादा नाय गो आई," ती म्हणाली. "माका पण तो होयो आसा. मशीन सांभाळ म्हणान माका सांगल्यान हा तेणा. पण बाबा तेका त्या खोलयेतसून भायरच काढूक देनत नाय."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे जितेंद्र भावोजी तयारीचं विचारायला आले. हे म्हणाले, "गेम पुरो झाल्याबिगर मी पाटार बसनंय नाय."

"अरे बाळा, मी भटजीक काय सांगू? यजमान गेम खेळता?"

"काय होया तां सांग. शबूद दिलंय मी. तो पुरो करूक नाय आणि श्राद्ध घालू? खंयच्या तोंडान बोलवू तेका?"

भावोजी जेवायला थांबले नाहीत. मी हात धुतले आणि पहिल्यांदाच त्या खोलीत जाऊन खाटेवर ह्यांच्या शेजारी बसले. वर्षभर मी आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता, फार तर दारातून डोकावले होते. तो माणूस कसा दिसतो, हेही मी नीट पाहिलं नव्हतं.

तरुण होता. अंगात फाटका शर्ट. एक हात पोटावर दाबून धरलेला, आणि एक पाय ओढत चालत होता. दोन पावलं टाकली की भिंतीला टेकायचा.

"ह्येका काय झाला?" मी विचारलं.

"जखमी आसा."

"कधीपासून?"

"सर्वेशान ठेवल्यान तेवापासून. असोच आसा."

"आणि पिशवेत त्यो बाटल्यो कसल्यो?"

"औषद."

पिशवीत औषधाच्या दोन बाटल्या, आणि हा मुलगा वर्षभर ह्या चार खोल्यांत पाय ओढत फिरतोय.

"अवो, मगे देवा ना तेका."

"फुडे मोठा संकट आसा म्हणतत. तेच्यासाठी राखून ठेवल्यान हा तेणा."

"राखून खंय न्हेतलास?" माझा आवाज चढला. मी ह्यांच्यावर कधी ओरडत नाही. "आता दुखता तेका. आता देवा. माझ्यासमोर तेका असो चलवू नका."

रिया दारात येऊन उभी राहिली होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कोणतं बटण ते हळूच सांगितलं. ह्यांनी अंगठा बटणावर नेला, मागे घेतला, आणि मग दाबलं.

तो माणूस औषध प्यायला. पोटावरचा हात खाली घेतला. ताठ उभा राहिला. पिशवीतला एक खिसा रिकामा झाला.

हे त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले. "गेली," म्हणाले. "तेणा ठेवलेली."

"कामाक इली," मी म्हटलं. मनात वेगळंच चाललं होतं. मागच्या श्रावणातही आम्ही तिघं अशीच इस्पितळातल्या एका खाटेकडे बघत होतो, तेव्हा सलाईनच्या बाटल्या एकामागून एक जात होत्या आणि तो काही उठून उभा राहिला नाही.

ह्यांनी किल्ली उचलली. दरवाजा उघडला. पलीकडे लांब जिना होता, आणि तिथे सर्वेश कधी गेला नव्हता. आतापर्यंत हे त्याच्या पावलावरून चालत होते. पहिल्या पायरीशी हे थांबले, आणि त्या दिवशी पुढे गेले नाहीत.

त्यानंतर मात्र गेम भराभर सरकला. गोळ्या संपल्या, पक्कड एका तारेला लागली, दांडा एका चाकाला. दुसरी बाटलीही लागली. सर्वेशने उचललेलं एकेक सामान कमी होत गेलं आणि त्या जागी ह्यांनी उचललेलं आलं. शिट्टी कधी टाकली ते ह्यांनी आम्हाला दाखवलं नाही. एके दिवशी मी पाहिलं तर ती जागा रिकामी होती.

काल दुपारी तो माणूस इस्पितळाच्या बाहेर पडला. धुकं निवळलं होतं. रस्ता होता, आणि रस्त्याच्या टोकाला उजाडत होतं. तो चालत लांब गेला, लहान होत गेला, आणि दिसेनासा झाला. मी पदर तोंडावर घेतला. रियाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मग पडद्यावर इंग्रजीत नावं सुरू झाली. खालून वर, एकामागून एक. ह्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येतं. हे पुढे सरकून प्रत्येक ओळ बघायला लागले.

"रिया, ह्येत तेचा नाव खंय येतला?"

"कोणाचा, बाबा?"

"सर्वेशाचा."

रियाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, ही गेम बनवणाऱ्यांची नावां."

"तां कळला माका. पण खेळलो तर तो ना? अर्धो तर तेणाच केल्यान."

नावं संपायला फार वेळ लागला, आणि आम्ही ती सगळी पाहिली. शेवटी पडद्यावर एक आकडा आला, खेळायला लागलेला एकूण वेळ. रियाने वाचून दाखवला.

"ह्येतलो तेचो किती?"

"कळना नाय, बाबा. मशीन दोघांचो येकच धरता."

"परत वाच."

तिने परत वाचला.

परवा वर्षश्राद्ध आहे. हे पाटावर बसणार आहेत, भावोजींना तसा फोन केला. बोटीच्या मालकांचाही, परत या म्हणून निरोप आला. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं आहे. मला वाटत नाही, म्हणून मी ही दोघं झोपल्यावर हे लिहीत बसले आहे. वर्षभर ह्यांच्याकडे मुलाचं काम होतं. दुपारी जेवण झालं की त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं. ते संपलं.

आज दुपारी हे जेवले, हात-पाय धुतले आणि सवयीने त्या खोलीत गेले. खाटेवर बसले. टीव्ही बंद होता. रिया कॉलेजमधून आली तेव्हाही तसेच बसलेले. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं,

"बाबा, परत सुरू करूया? पयल्यापासून? मी पण खेळतंय तुमच्यावांगडा."

ह्यांनी रिमोट हातात घेतला, अंगठ्याने जरा पुसला, आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"पयल्यापासून केलंय तर तां माझा होतला गो बाय," हे म्हणाले. "तेचा नाय."